मेंदीच्या जागी

अब्बांची मेंदी एका बाजूने वाळत गेली होती. नगमाने बुंध्याची साल नखाने उचलली. खाली कागदासारखा पांढरा पापुद्रा, मुळाशी मधाच्या रंगाच्या भूछत्रांचा झुपका. अमरावतीच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती. ही बुरशी झाड गेल्यावरही मुळांच्या तुकड्यांवर तग धरते, हे तिला ठाऊक होतं.

"नवी आणजो," अम्मी, रजियाबी, म्हणाली. "इथंच लावू."

"इथं मेंदी जगणार नाई, अम्मी. मोगराबी नाई, लिंबूबी नाई."

"मंग काय, सिमेंट लावतं?"

मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाची वेळ होत आली होती. अम्मी तोटीचा बधना घेऊन मेंदीपाशी पाटावर बसली. शेजारी अब्बांचा रिकामा पाट. अब्बा होते तेव्हा दोघं इथंच नमाजाआधीचं वजू करत, हात-तोंड-पाय धुतलेलं पाणी मेंदीला जाई. ते गेल्यावरही अम्मीने एकही वेळ चुकवली नव्हती. बुंध्याची माती कधी वाळलीच नाही, आणि बुरशीला नेमकं तेच हवं होतं.

नगमाच्या ओठांवर वाक्य आलं.

"या वक्ताले फुलं गळे," पाय धूत अम्मी म्हणाली. "त्यायच्या टोपीवर. मी झटकायले गेली का म्हणत, राहू दे, वास येते."

नगमाने वाक्य गिळलं.

सकाळी तिने शेंड्याची निरोगी हिरवी काडी कापली आणि नव्या मातीच्या कुंडीत खोचली. मग बुंधा मुळांसकट खणून काढला आणि शेजारच्या माणिकबाईंना गाठलं. त्या फुलं पिकवून बाजारात विकत.

"लाकडी खोडाचं नको, काकू, बुरशी लाकूडच खाते. रोज पाणी पिईन अन् वासबी देईन, असं पायजे."

माणिकबाईंनी सोनटक्क्याचे कंद आणले. "हे घे, रजियाबी. म्हशीवानी पाणी लागते याले."

कंद लावून झाले. अम्मीने त्यांच्यावर वजू केलं.

"वास कधी येईन?"

"पुढच्या पावसाळ्यात."

"मेंदीवानी?"

"नाई, अम्मी."

बधन्यात उरलेलं पाणी अम्मीने कुंडीतल्या काडीला घातलं.

"मेंदीची कुंडी मातीले टेकू देऊ नको," नगमा म्हणाली. "नाई तर बुरशी तिच्यातबी शिरन."

रजियाबी उठली. कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिने अब्बांच्या पाटावर ठेवली.