कच्चं लिंबू

सविताताईंच्या अंगणवाडीत हजेरीपटावर अठरा पोरं होती, पण खेळात सतराच भरायची. अठरावी समृद्धी. पाच वर्षांची, पायांत जोर नाही, बसूनच सरकायची. शिवाशिवीत पोरांनी तिला कच्चं लिंबू करून टाकलं होतं. म्हणजे कुणी शिवलं तरी तिच्यावर राज्य नाही. पोरं दयाळू, मदतनीस धुरपदामावशी दयाळू, आणि पाहणीला आलेल्या मॅडम तर इतक्या दयाळू, की तिला मधोमध बसवून फोटो काढून गेल्या. ताईंना या दयेचा वीट आला होता.

त्यात तिचे आजोबा हौसराव. खुटबाव गावाच्या बाजूला उसाची शेती, सोसायटीत शब्दाला वजन. काल म्हणाले, "बाई, भिताडाला टेकून बसायचंच हाय, तर घरी बसंल. सोमवारपासनं न्हाई पाठवत."

आज शनिवार. सकाळपासून ताईंचे दोन उपाय वाया गेले. समृद्धीला टाळ्या मोजायला बसवलं, तर ती पेंगली. मावशी तिला कडेवर घेऊन पळाल्या, तर मावशींनाच धाप लागली.

"ताई, ऱ्हाऊ द्या की," मावशी म्हणाल्या.

"काय ऱ्हाऊ द्या?" ताई कडाडल्या. "बसा रे सगळे खाली! उभा राहील तो बाद. आज बसून शिवाशिवी."

सतरा पोरं फरशीवर खुरडू लागली. पाच वर्षांचा सराव मात्र एकटीचाच. समृद्धी एकामागून एक राज्य आलेल्या चौघांच्या हातून निसटली. शेवटी साईनं तिचा फ्रॉक धरला, आणि तो गोंधळला. "ताई, ही कच्चं लिंबू ना?"

"न्हाई!" समृद्धी ओरडली. "माझ्यावर राज्य हाय!"

तेवढ्यात हौसराव दारात. "माझ्या नातीची नक्कल करताय व्हय? आन् बाई, तुम्हीच शिकवताय?"

ताई संतापून पुढं सरसावल्या. हौसराव नातीला उचलायला वाकले, तशी ती त्यांच्या पायाला शिवली.

"आबा, राज्य तुमच्यावर. बसा खाली."

हौसरावांनी आपला इस्त्रीचा पायजमा पाहिला, मग पोरांची तोंडं पाहिली. "मी म्हातारा माणूस," ते पुटपुटले. "मला कच्चं लिंबू धरा."

"न्हाई!"

"बरं बाई," हौसराव नातीला म्हणाले, "सोमवारी येतो तुला घेऊन. जुना पायजमा घालून."

ताईंनी फरशीकडे पाहिलं. सोमवारी सतरा आया मळक्या चड्ड्यांचा जाब विचारायला येणार होत्या. तेवढ्यावर भागलं म्हणायचं.