समासातली चार वाक्यं

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि झाल्या प्रकाराने माझी पानं अजून थरथरतात. आपल्याला ठाऊक नाही असं जगात काही उरलेलंच नाही, अशी माझी समजूत होती. केवढा हा भ्रम!

छापखान्यातून मी बाहेर पडलो तेव्हा माझा थाट बघण्यासारखा होता. निळं कापडी वेष्टन, पाठीवर सोनेरी अक्षरं. एका भाषांतरकाराने मला घरी आणलं. यंत्रांसोबत येणारी माहितीपत्रकं मराठीत करायची, हे त्यांचं काम. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. "हा आहे म्हणून माझं चाललंय," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि मी फुगून जात असे.

त्या घरात एक रीत होती. मुलीला नवा शब्द भेटला, की तिने माझ्या समासात, म्हणजे छापील मजकुराशेजारच्या कोऱ्या पट्टीत, त्याचे मराठी प्रतिशब्द लिहायचे आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करायचा. मग बाबा लाल पेन्सिलीने तपासणार. मुलगी सारख्या पेन्सिली कुरतडायची, म्हणून बाबा तिला खारूताई म्हणत.

तिची आई वारली आणि घर, काम, मुलगी हे सगळं बाबांना एकट्याला झेपेना. त्यांनी खारूताईला आत्याकडे शिकायला ठेवलं. आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. फोन केला की ती म्हणायची, "पोर छान रमलीय, तू काळजी करू नकोस." मग आम्ही दोघांनीही काळजी केली नाही.

सुटीत खारूताई चार दिवस घरी आली. चेहरा पार उतरलेला.

"बाबा, मला तिथे ना..."

"अगं, दुसऱ्याचं घर आहे. थोडं अ‍ॅडजस्ट करायचं," बाबा कागदातून मान वर न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विषय काढला. पुन्हा तेच उत्तर. मग तिने मला उचललं, 'अ‍ॅडजस्ट' या शब्दाचं पान काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहू लागली.

जुळवून घेणे – मी आत्याच्या घरातल्या वेळांशी जुळवून घेते.

सरकून जागा करणे – मी सरकून जागा करत करत आता स्वयंपाकघराच्या दाराशी झोपते.

सवय होणे – सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवायची मला सवय झाली आहे.

निभावून नेणे – आत्याचं बाळ सांभाळायला कोणी नाही, म्हणून मी दोन महिने शाळेशिवाय निभावून नेते आहे.

चौथं वाक्य अंगावर उमटलं आणि मी हादरलो. आत्याने पोरीची शाळाच बंद केली होती! आता बाबा ताडकन उठतील, बहिणीला फोन लावतील, असं मला वाटलं. बाबांनी लाल पेन्सिल घेतली, चारही वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि शेवटच्या वाक्याखाली लिहिलं, 'शाब्बास! अचूक उपयोग.'

मित्रांनो, माझा विश्वासच बसेना. हजारो शब्द पोटात बाळगून मला एकही उच्चारता येत नव्हता. खारूताई त्या 'शाब्बास'कडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुकाट्याने आत्याकडे परत गेली.

पुढच्याच आठवड्यात माझी पाठ निखळली. बाबांनी मला पुस्तकं बांधून देणाऱ्या बाईंकडे नेलं. नवी बांधणी केली की त्या पुस्तकाच्या कडा यंत्रात कापून सारख्या करतात. कामाला घेण्याआधी त्या माझं एकेक पान उलटून बघत होत्या. त्या पानाशी आल्या आणि थांबल्या.

"कडा कापल्या तर हे लिहिलेलं जाईल. कापू?"

"खुशाल कापा. मुलीचा अभ्यास आहे तो, तपासून झालाय."

"तपासलात हो. पण वाचलात का?"

काय विचारताय, अशा चेहऱ्याने बाबा हसले. मग उभ्याउभ्याच वाचू लागले. दुसऱ्या वाक्याला हसू मावळलं. चौथं त्यांनी मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मी शाब्बास लिहिलंय," ते बाईंना म्हणाले. "अहो, ह्याला मी शाब्बास लिहिलंय!"

मला तिथेच टाकून ते तडक बहिणीकडे गेले.

मी घरी परतलो तेव्हा खारूताईचं दप्तर दाराशी होतं आणि ती शाळेतून येऊन जेवत होती. बाईंनी माझी पाठ बांधली, कडा मात्र कापल्या नाहीत. त्यामुळे मी जरा गबाळा दिसतो. दिसू दे.

माझी पानं जपून उलटा मित्रांनो, पाठ मोडू नका, हे तर मी सांगणारच. पण कुणी माझ्या समासात काही लिहिलं असेल, तर चुका शोधण्याआधी ते एकदा नीट वाचा. बाबांसारखा माणूसही चुकला, तर तुमचं काय सांगावं?

त्या चार वाक्यांखाली आता बाबांच्या अक्षरात पाचवं वाक्य आहे. 'स्वतःला बदलणे – या वेळी मुलीने नाही, बापाने स्वतःला बदलायचं आहे.' ते लिहून त्यांनी लाल पेन्सिल तिच्या हातात दिली. रोज ती ते पान काढते, पेन्सिल कुरतडत वाक्याकडे बघते आणि मला मिटून ठेवते. खूण तिने अजून केलेली नाही.