लिंबाजीने यंत्र तोललं

मोतीबिंदू काढायला परभणीला गेलेल्या लिंबाजीला ऑपरेशनआधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी भलतंच सांगितलं. हृदयाला रक्त कमी पोचतंय, म्हणे. अँजिओग्राफी करावी लागेल, म्हणे.

म्हणे.

तीस वर्षं तो सेलूच्या कापूस बाजारात मापाडी होता. कोण कुठं काटा मारतो, ते त्याला लांबून कळायचं. मेहुण्याचं, किशनरावाचं, वेगळं होतं. चार पावलं चालला की छाती धरून खाली बसायचा. ते दुखणं दिसायचं. लिंबाजीला कधी टोचलंसुद्धा नव्हतं.

"डोळा दाखवाया गेलो अन् काळीज धरलं. गिऱ्हाईक केलं मला."

"तुमाला समदेच चोर दिसतेत," त्याची बायको सुमनबाई म्हणाली. "मी बी."

तो ऐकेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला डबी बांधली. चोवीस तास डबी ठोके टिपणार. आपण काय केलं, कधी दुखलं, ते त्याने वहीत लिहायचं.

नव्या काट्यावर लिंबाजी आधी ठाऊक असलेलं वजन ठेवायचा. इथंही ठेवलं. बायकोलासुद्धा न सांगता.

वहीत, ११:०० — छातीत लय कळ.

खरं — बाजेवर. चहा. कळ कसली!

वहीत, ४:१० — बाजेवर आराम.

खरं — जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींच्या थप्पीवर चढउतार. चार वेळा वर, चार वेळा खाली. दम लागला. दुखलं नाही.

आता डबीचा कागद वहीसारखाच बोलला, की चोरी उघडी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पसरला. "अकराला कळ लिहिलीय. इथं तर काहीच नाही." बोट पुढं सरकलं. "चार-दहाला मात्र सहा मिनिटं रक्त कमी पडलंय. आराम करत होतात ना?"

लिंबाजी कागदावर वाकला. थप्पीचं फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याला अन् डबीला.

"पण दुखलं न्हाई, बाई. माझ्या मेहुण्याला दुखतंय."

"म्हणून ते थांबतात. तुमची शुगर जुनी. तुम्हाला कळच येत नाही, मग थांबणार कसे?"

"आराम?" सुमनबाई मधेच म्हणाली. "चारला तुमी घरी कुटं होते ओ?"

त्याने वही ओढली. अकराची कळ खोडली. चार-दहापुढं लिहिलं: थप्पी. चार वेळा. दुखलं न्हाई.

सुमनबाईने वाचलं. "वजन ठिवायला सोताचंच काळीज घावलं का?"

लिंबाजीने वही बाईंकडे सरकवली.

"काटा खरा हाय," तो म्हणाला. "तारीख द्या, बाई."