खरवडीचं गाणं

खाटेखालून पाच खोकी निघाली. चार केळ्यांची, एक साबणाचं. त्यांत मिळून दोनशे बारा रेकॉर्डी होत्या. नऊ तडकलेल्या, दोन बुरशीनं खाल्लेल्या, एक उन्हानं वाकून बशीसारखी झालेली. उरल्या दोनशे. त्यांतल्या एकशे एकोणसत्तर रेकॉर्डींच्या मध्यावर कंपनीचं गोल लेबल शाबूत होतं. बाकीच्या एकतिसांवर लेबलाच्या जागी नुसते ओरखडे होते.

“मामा, ह्या काय उंदरांनी खाल्ल्या?” मिलेदीसनं विचारलं.

“मी खाल्ल्या,” उबाल्दो म्हणाला. “सुरीनं.”

उबाल्दो कासेरेस आयुष्यभर कार्ताहेना बंदराच्या बाजारात बर्फ फोडत आला होता. कोळ्यांच्या पेट्यांत बर्फ भरायचा आणि थंडीनं बधिर झालेली बोटं काखेत धरून घरी यायचं. पण शनिवार-रविवारी तीच बोटं त्याच्या मित्राच्या, विल्फ्रीदोच्या ‘मार्तीन’वर सुई ठेवायची. मार्तीन हा गल्लीचा पिको, म्हणजे भिंतीएवढा स्पीकर. त्याच्या कापडी पडद्यावर मासा पकडणारा निळा-नारिंगी खंड्या पक्षी रंगवलेला होता. प्रत्येक गल्लीचा पिको वेगळा, आणि दुसऱ्याकडे नाही असं गाणं आपल्याकडे असणं हीच प्रत्येकाची शान. अशी गाणी खलाशी आफ्रिकेच्या बंदरांतून आणत. रेकॉर्ड हाती पडली की पहिलं काम लेबल खरवडायचं, कारण शेजारच्या गल्लीचा एखादा हेर खांद्यावरून नाव वाचून जायचा. विल्फ्रीदो रेकॉर्ड घट्ट धरायचा आणि उबाल्दो सुरी चालवायचा. शेवटच्या खाचेजवळ कोरलेला बारीक नंबरसुद्धा त्यानं खिळ्यानं घासून टाकलेला होता.

विल्फ्रीदो अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको एर्नेस्तीना तेव्हा म्हणाली होती, “माझ्या घराचं छप्पर गळतं. रेकॉर्डी तू ने.” उबाल्दोनं त्या नेल्या. खाडीचं पाणी घरात शिरलं त्या दोन वर्षी त्यानं आधी खोकी खाटेवर चढवली, मग स्वतः वर चढला. गादी भिजली ती भिजलीच.

आता नोव्हेंबरच्या सणाला मार्तीन पुन्हा वाजवायचा, असं एर्नेस्तीनानं ठरवलं होतं. तिनं पडद्यावरचा पक्षी नव्यानं रंगवून घेतला. जुना प्लेअर बंद पडला होता आणि रेकॉर्डींची खाच झिजत आली होती. भर गल्लीत, धुळीत, नाचणाऱ्यांच्या धक्क्यांत त्या वाजवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. तेव्हा प्रत्येक रेकॉर्ड एकदाच नीट वाजवायची, संगणकावर उतरवून घ्यायची आणि सणाला संगणकच स्पीकरला जोडायचा. हे काम उबाल्दोच्या भाचीनं अंगावर घेतलं. मिलेदीस बाजाराच्या जिन्याखाली मोबाइल दुरुस्त करायची. विद्यापीठाच्या रेडिओवरच्या एका मैत्रिणीकडून तिनं चांगला प्लेअर उसना आणला होता.

प्लेअर टेबलावर ठेवला तर रस्त्यावरून ट्रक गेला की सुई थरथरायची. मग कबरीचे दगड घडवणाऱ्याकडून संगमरवराचा एक तुकडा आला आणि त्याखाली चार अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू. प्लेअर सपाट बसलाय का हे तिनं पाणसळ ठेवून पाहिलं. सुईचा भार सोनाराच्या काट्यावर तोलला. दोन ग्रॅम भरला. प्लेअरपासून एक वायर आवाज वाढवणाऱ्या छोट्या डबीत, डबीतून दुसरी संगणकात. स्पीकरमधून माशी अडकल्यासारखी घूंऽऽ ऐकू यायला लागली, तेव्हा तिनं प्लेअरची तिसरी बारीक तार डबीच्या स्क्रूला आवळली आणि माशी उडून गेली.

रेकॉर्डी धुवायचं काम उबाल्दोकडे होतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. धुतलेल्या रेकॉर्डी ताटाळ्यात ओळीनं वाळत उभ्या राहत.

गाणं उतरवताना पंखा बंद करावा लागे. घाम गळत असायचा, पण उबाल्दो पुतळ्यासारखा बसून राही.

“मामा, श्वास घे रे,” मिलेदीस म्हणायची. “सुईला तुझा श्वास ऐकू येत नाही.”

“विल्फ्रीदोला यायचा.”

लेबलवाली गाणी आधी उतरली. सगळी रेडिओवर ऐकतो तशीच, स्वच्छ. मग बिनलेबलाच्यांतली पहिली लावली, ‘खरवड’. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आफ्रिकेतली कुठली भाषा, तेही माहीत नव्हतं. पण ध्रुवपदाच्या जागी गायिका काहीतरी म्हणायची ते गल्लीला ‘खरवड कोणाला?’ असं ऐकू यायचं. भाताच्या पातेल्याच्या तळाची ती कुरकुरीत खरवड. लगेच सगळी गल्ली ओरडायची, “मला!”

गाणं सुरू झालं. गिटार जड पावलांनी चालत होती. उबाल्दोनं मान वळवून डावा कान स्पीकरकडे केला. गेल्या वर्षी दवाखान्यात त्याला उजव्या कानानं कमी ऐकू येतं असं सांगितलं होतं. कान म्हातारे झाले, त्यानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नेस्तीना ऐकायला आली. ती दारापुढे अरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या जाड पुऱ्या, तळून विकायची; हाताला मक्याचं पीठ तसंच होतं. गाणं सुरू झालं तशी ती हसली, मग हसू ओसरलं. ध्रुवपद आलं तेव्हा तिनं हात वर केला.

“बंद कर.”

मिलेदीसनं बंद केलं.

“हे काय लावलंस?”

“खरवड आहे, वहिनी,” उबाल्दो म्हणाला.

“खरवड गाणारी बाई होती. चिमणीसारखा आवाज. हा तर बाप्या आहे!”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “उबाल्दो, विकलीस ना रे?”

“वहिनी...”

“परदेशातले लोक ह्या रेकॉर्डींच्या मागे असतात, मला काय माहीत नाही? तुझी अडचण असेल. मला सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. पण भलतीच काहीतरी आणून माझ्या नवऱ्याचं गाणं म्हणून ऐकवतोस?”

“आजी, ही तीच आहे,” मिलेदीस म्हणाली.

“तू जन्मली होतीस का तेव्हा? दुसरी लाव.”

दुसरी लावली, तिसरी लावली. सगळी संथ, सगळी परकी. मग एर्नेस्तीनानंच रेडिओवर लागणारं एक जुनं लेबलवालं गाणं लावायला सांगितलं. ते अगदी बरोबर वाजलं. म्हणजे मशीन ठीक होतं. ती उठली आणि पीठ झटकत निघून गेली.

मिलेदीसनं पुन्हा वेग तपासला. प्लेअरच्या कडेला बारीक ठिपके होते. फिरणं अचूक असेल तर दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. ठिपके थांबले होते. उबाल्दोपाशी दाखवायला काहीच नव्हतं. नाव नाही, नंबर नाही. जे होतं ते त्यानंच स्वतःच्या हातानं खरवडून टाकलेलं.

गल्लीत भिंतींना कान असतात. संध्याकाळी डॉमिनोच्या टेबलावर तोरिबियोनं विषय काढलाच. तोरिबियो पलीकडच्या गल्लीच्या पिकोवर रेकॉर्डी लावायचा. चाळीस वर्षांचा वैरी आणि रोजचा सोबती.

“वा रे वा! लेबलवाल्या ठणठणीत आणि नेमक्या बिनलेबलाच्याच बिघडल्या? मशीनसुद्धा लबाड निघालं म्हणायचं!”

“तोंड सांभाळ.”

“मी काही म्हणत नाही बाबा. बाईचा बाप्या झाला, एवढंच म्हणतो. शहरात डॉक्टर करतात म्हणे असं.”

टेबल हसलं. उबाल्दोच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. हसण्यातून त्याला दुसरं एक हसणं आठवलं. एका सणाला शहरातला एक नावाजलेला गायक गल्लीत आला होता. विल्फ्रीदोनं मानानं त्याचंच गाणं मार्तीनवर लावलं. गायकानं टोपी मागे सारून ऐकलं आणि म्हणाला होता, “दोस्ता, तुझ्या मशीनवर माझ्या जागी माझी धाकटी बहीण गाते रे!” सगळे खो खो हसले होते. उबाल्दोला ते कौतुक वाटलं होतं.

“तोरिबियो,” तो म्हणाला, “आमचा मार्तीन तुमच्या पिकोपेक्षा जलद वाजायचा?”

“जलद? शेपटीला मिरची लावल्यागत पळायचा! तुमच्याकडे नाचून आमच्या पोरी दमलेल्या यायच्या. आम्हाला वाटायचं, विल्फ्रीदो मुद्दाम करतो.”

उबाल्दो डाव अर्धा टाकून उठला.

सकाळी तो आणि मिलेदीस एर्नेस्तीनाच्या दारात उभे राहिले. तिनं कढईतून नजर वर केली नाही.

“वहिनी, जुना प्लेअर हवाय.”

“तोपण विकायचाय?”

मिलेदीसनं तोंड उघडलं. उबाल्दोनं तिच्या दंडाला हात लावला. “इथेच बघतो. तुमच्या डोळ्यांसमोर.”

“परसात आहे. कोंबडी बसते त्यावर.”

प्लेअर इंग्लंडचा, वजनदार, गोदीवरून आलेला. कोंबडीला उठवलं, ताडपत्री काढली. आतलं रबरी चाक वाळून दगड झालं होतं. मिलेदीसनं गल्लीतल्या शिंप्याच्या मशीनचं तेल आणलं, बाजारातून मापाचं रबर आणून बसवलं. मोटरच्या दांड्यावर पितळेची छोटी गुंडी होती. तिच्यावरून सगळा वेग ठरतो. तिनं ती अंगठ्यानं पुसली आणि डोळ्याजवळ नेली.

“मामा, ह्यावर पन्नास लिहिलंय.”

“मग?”

“आपली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. इंग्लंडची पन्नास. ही गुंडी तिकडच्या विजेसाठी कापलेली आहे. इथं मोटर जास्त पळणार.”

“किती जास्त?”

“पाचाला एक.”

एर्नेस्तीना झारा हातात घेऊन दारात आली होती. मिलेदीसनं थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. थाळी आधी कुरकुरली, मग फिरायला लागली. मोबाइलवर एक मिनिट लावून तिघांनी कपट्याचे फेरे मोजले. एर्नेस्तीना मोठ्यानं, झाऱ्यानं ठेका धरत. तेहतीस झाले तरी मिनिट संपेना. चाळिसाव्या फेऱ्याला मोबाइल वाजला.

“तेहतीस पूर्णांक एकतृतीयांश हवेत,” मिलेदीस म्हणाली. “त्यात पाचवा हिस्सा मिळवा. लेबलवाली गाणी तुम्ही रेडिओवरही ऐकलीत, बिनलेबलाची फक्त ह्याच्यावर.”

“मला गणित सांगू नकोस,” एर्नेस्तीना म्हणाली. “गाणं ऐकव.”

मिलेदीसनं संगणक तिथंच कोंबडीच्या टोपलीवर ठेवला आणि उतरवलेल्या ‘खरवडी’चा वेग एकाचा एक पूर्णांक दोन दशांश केला. गिटारनं उडी मारली. गाणारा बाप्या फुग्यातली हवा गिळल्यासारखा पुन्हा बाई झाला, चिमणीसारखी बाई. ध्रुवपद आलं. एर्नेस्तीनाच्या तोंडातून “मला!” निघून गेलं, आणि मग ती ओट्यावर बसली. कढईतली अरेपा काळी पडत होती. कोणी उलटली नाही.

“चाळीस वर्षं,” ती म्हणाली, “चाळीस वर्षं तो बाप्या होता?”

“पुरता बाप्या, वहिनी. मिशीवाला असेल.”

ती हसली, हसता हसता पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला. मग उठून तिनं त्याच्या हातावर गरम अरेपा ठेवली; दोन्ही बाजूंनी नीट तळलेली, दुसऱ्या घाण्यातली.

“इथं परसात मी माफी मागणार नाही,” ती म्हणाली. “चोर म्हणाले ते साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. हेही ऐकू जाऊ दे.”

सणाच्या रविवारी चार वाजता मार्तीन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पलीकडच्या गल्लीचे लोकही आले. तोरिबियो सगळ्यांच्या पुढे, पांढरा शर्ट घालून. दोनशे गाणी संगणकात होती, पण गल्ली एकाच गाण्यासाठी थांबली होती. एर्नेस्तीनानं माइक घेतला.

“हा उबाल्दो कासेरेस,” ती म्हणाली. “अकरा वर्षं माझ्या नवऱ्याची गाणी ह्यानं खाटेखाली सांभाळली. पुरात गादी सोडली, रेकॉर्डी सोडल्या नाहीत. मी ह्याला चोर म्हणाले. मी खोटी. आता नाचा!”

“आणि बाई की बाप्या, ते सांग!” तोरिबियो ओरडला.

“तू आधी नाच, मग तुझंही ठरवू!” उबाल्दो माइकमध्ये म्हणाला. गल्ली फुटली हसून.

त्यानं बटण दाबलं. पहिल्या गिटारलाच चाळिशी-पन्नाशीची माणसं पंचविशीची झाली. गुडघे दुखणाऱ्या बायका खुर्च्या ढकलून उठल्या. तोरिबियोचा शर्ट दोन मिनिटांत पाठीला चिकटला. ध्रुवपद जवळ आलं तसं एर्नेस्तीनानं उबाल्दोकडे पाहिलं. उबाल्दोनं मान डोलावली आणि बरोबर त्या जागी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. खंड्या गप्प झाला. गल्लीनं स्वतःच विचारलं, खरवड कोणाला, आणि स्वतःच उत्तर दिलं.

मिलेदीस गर्दीच्या मधोमध मोबाइल डोक्यावर धरून आवाज मोजत होती. स्पीकर चालू असताना आकडा एकशे चार डेसिबल होता. स्पीकर बंद, नुसती गल्ली: एकशे सहा.