शेंड्यावरची फुलं

पुदिन्याची काडी मागायला कोणी दारात आलं की माझं डोकं फिरतं. परवा शेजारच्या आशाबाई आल्या. "सर, उमाच्या पुदिन्याची एक काडी द्या ना, आमचा वाळला." मी म्हणालो, "बाजारात मिळतो, विकत घ्या." बिचारी बाई तोंड एवढंसं करून गेली. माझी बायको यमुना असती, तर तिनं आशाबाईंना बसवलं असतं, चहा पाजला असता, चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या असत्या. आणि मागाहून मला झापलं असतं, "अहो, माणसाशी बोलत होतात, फळ्याशी नाही." यमुनाला जाऊन दोन वर्षं झाली. आता मला झापणारं कोणी नाही, म्हणून मी असा मोकाट सुटलोय.

पण आशाबाईंना मी सांगू तरी काय? इथं पुंडलिकनगरात आणि तिकडं क्रांती चौकापर्यंत वीस-पंचवीस घरांत याच्या काड्या लागल्यात. सगळे त्याला उमाचा पुदिना म्हणतात. तो उमाचा नाही. उमाचा पुदिना माझ्या हातून मेला, आणि ते मी यमुनाला कधीच सांगितलं नाही.

मी चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. स्वतः शिकलो ते निजामाच्या राज्यात, उर्दूतून. तेव्हा त्याला नबातात म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि मी नोकरीला लागलो तेव्हा पुस्तकं इंग्रजी, पोरं मराठी आणि मास्तराच्या डोक्यात उर्दू, अशी सगळी खिचडी. वर्गात पाकळीला मी पंखुडी म्हणून जायचो आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. हसू दे. पण झाडाच्या बाबतीत मला कोणी चूक म्हटलेलं मी खपवून घेतलं नाही. जर्नल तपासायला मी लाल शाईचं पेन उघडलं की पोरांचे चेहरे उतरायचे. दहापैकी सातच्या वर मी कोणाला दिले नाहीत. पोटच्या पोरीलाही नाही.

उमा आमची एकुलती एक. बी.एस्सी.ला माझ्याच कॉलेजात, माझ्याच प्रॅक्टिकलला. घरी आली की जर्नल टेबलावर आपटायची. "बाबा, यात चूक काय ते तरी सांगा!" मी म्हणायचो, "चूक असती तर पाच दिले असते." मग यमुना आतून ओरडायची, "द्या की हो एखादा मार्क जास्त! तुमच्या खिशातून जातोय का?" मी दिला नाही. वाटायचं, आपली पोर म्हणून सूट दिली तर कॉलेजभर बोभाटा होईल. खरं सांगायचं तर मला तो ताठा आवडायचा.

सत्तर साली त्यांची सहल पाचगणीला गेली. तिथल्या एका बंगल्याच्या माळ्याकडून उमानं पुदिन्याची बोटभर काडी मागून घेतली, ओल्या रुमालात बांधली आणि एस.टी.तून रात्रभर मांडीवर ठेवून आणली. आम्ही तेव्हा खडकेश्वरला भाड्यानं राहायचो. तिथं पायरीवर वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता, त्यात तिनं ती लावली. पंधरा दिवसांत डबा भरून गेला. मग आईला धरून बसवलं आणि मास्तरीण झाली. "आई, खोड बोटात धरून फिरव. चौकोनी लागतं ना? आता पानं बघ. देठच नाही, थेट खोडाला चिकटलीत. आणि हे मातीखालून पांढरं पळतंय ते मूळ नाही बरं का, तेही खोडच. तिथूनच नवं फुटतं. याच्या बियांचा भरवसा नसतो, भलतंच उगवतं. पण काडी लावली की तेच झाड. पाचगणीचं ते आणि आपलं हे दोन नाहीत, एकच आहे."

यमुना म्हणाली, "म्हणजे हे मरतच नाही?"

"तू पाणी घातलंस तर नाही मरत," उमा हसत म्हणाली.

त्या पावसाळ्यात त्याला फुलं आली. प्रत्येक फांदीच्या अगदी शेंड्यावर फिक्या जांभळ्या फुलांचा निमुळता तुरा. उमानं तीन दिवस बसून त्याची आकृती काढली. पानाची दाती न् दाती, तुऱ्यातलं फूल न् फूल. सोमवारी ती जर्नल माझ्या टेबलावर आली. मी भिंगातून पाहिली. लाल पेन घेऊन पाच मिनिटं चूक शोधली, सापडली नाही. मग खाली लिहिलं, 'उत्तम'. सही केली. आयुष्यात एकदाच. त्या दिवशी उमा घरी आली ती धावत, आणि माझ्या पाया पडली. मी म्हणालो, "पुरे, पुरे, नाटकं नकोत." दुसरं काही बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तिला टायफॉईड झाला. अकरा दिवस. विसावं वर्ष चालू होतं.

त्यानंतर यमुना त्या डब्यापाशीच बसायची. पान खुडायची नाही, चटणी करायची नाही, कोणाला काडी द्यायची नाही. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची आणि तळहातानं वरून थोपटायची. शेजारचे दत्तोपंत एकदा म्हणाले, "वहिनी, दोन पानं द्या, पोटात गुबारा धरलाय." तिनं त्यांना ओव्याची पुडी दिली. मी चिडलो. "अगं, खुडल्यानं तो वाढतो, शास्त्र आहे ते." ती म्हणाली, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा." उमाची जर्नल तिच्या कपाटात, पैठणीच्या घडीत असायची. उमाच्या वाढदिवसाला ती काढायची, त्याच पानावर उघडायची आणि परत ठेवून द्यायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. तशात गंगापूरहून निरोप आला की यमुनाची आई अंथरुणाला खिळलीय. ती निघाली. दारात वळून म्हणाली, "बाकी काही नको. उपाशी राहा, पारोसे राहा. डब्याला तांब्याभर पाणी तेवढं घाला."

मी म्हणालो, "जा गं, मला शिकवतेस का?"

पहिले चार दिवस घातलं. मग पाणी आणखी कमी झालं. आणि मी विचार केला. हो, विचारच केला, विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पुदिना वरून वाळला तरी मातीखालचं खोड जिवंत राहतं, पाणी मिळालं की फुटतं, हे मी पोरांना पंचवीस वर्षं शिकवत होतो. म्हटलं, वाळू दे वरून, यमुना यायच्या आधी दोन तांबे घातले की झालं. ते तांब्याभर पाणी मी प्यायलो. पण पुस्तकातला पुदिना जमिनीत असतो हो! माझा पत्र्याच्या डब्यात होता, औरंगाबादच्या मे महिन्यात, दुपारी हात लावला तर चटका बसेल अशा पायरीवर. बाराव्या दिवशी मी माती उकरली. आतलं खोड पार काळं पडलं होतं, चिमटीत धरलं तर भुगा झाला. मी दोन तांबे घातले, चार घातले. पितळी घंगाळातलं शेवटचं पाणी घातलं. काही झालं नाही. वनस्पतिशास्त्राचा मास्तर, आणि स्वतःच्या पोरीचं एक रोप त्याला राखता आलं नाही.

तीन दिवस शहागंजची भाजीमंडई पालथी घातली. त्या उन्हाळ्यात साधी कोथिंबीर दिसत नव्हती. शेवटी कडूबा नावाच्या भाजीवाल्याला माझी दया आली. तो म्हणाला, "सर, पुदिन्यापायी कशाला जीव काढून राह्यले? चितेगावला माझ्या मेव्हण्याच्या हिरीवर हाय थोडा. उद्या आणतो." त्यानं आणला. मी हातात घेतला आणि पाहताक्षणी ओळखलं, हा तो नाही. पानाला देठ होता, वास कडक होता. हाही पुदिनाच, पण दुसऱ्या जातीचा. याची फुलं शेंड्यावर येत नाहीत, खाली पानांच्या बगलेत झुपक्यांनी येतात. तरी मी घेतला. पेल्यात पाण्यात ठेवला, मुळं फुटली तशी डब्यात लावला. म्हटलं, पुढं कधीतरी पाचगणीला जाऊ, तीच जात आणू, हळूच बदलून टाकू.

यमुना आली ती आधी डब्यापाशी गेली. "खुडलात का हो? लहान झालाय."

"थोडा छाटला, उन्हामुळं."

तिनं वाकून वास घेतला. "आणि वास असा उग्र का?"

"पाणी कमी पडलं की वास वाढतो," मी म्हणालो. मास्तराच्या आवाजात म्हणालो. तिनं मान हलवली.

आणि पुढं काय झालं, तर दुष्काळानं ती घाबरली. म्हणाली, "एकाच डब्यात जीव नाही ठेवायचा. उद्या आपल्याला काही झालं तर?" मग जिनं दत्तोपंतांना दोन पानं दिली नव्हती, ती घरोघर काड्या वाटत सुटली. दरवेळी सांगायची, "उमाचा आहे, जपा हं." मी बाजूला उभा राहून ऐकायचो. पाचगणीला जायचं राहिलं ते राहिलंच. एक डबा बदलता आला असता, वीस घरं कशी बदलणार? माझं काम एवढंच उरलं, की दर पावसाळ्यात कळी दिसायच्या आत कात्री घेऊन सगळा डबा वीतभर छाटायचा. यमुना म्हणायची, "एकदा फुलू तरी द्या की हो." मी म्हणायचो, "फुलला की पानं कडू होतात." आठ वर्षं छाटला.

एक्याऐंशी साली मोतीबिंदूसाठी मी पुण्याला पुतण्याकडे गेलो. तीन आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आलो, तर यमुना ओट्यावर बसलेली. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला उघडी जर्नल. डबा फुलला होता.

"डोळे बरे झाले ना?" ती म्हणाली. "मग बसा इथं आणि बघा."

मी बसलो. तिनं आधी जर्नलवर बोट ठेवलं. "पोरीनं इथं शेंड्यावर तुरा काढलाय. आणि डब्यात शेंड्यावर एक फूल नाही. सगळी खाली, पानांच्या बगलेत. आणि पानांना देठ आहेत, ते तिनं काढलेच नाहीत. चार दिवस झाले, रोज बघतेय. एकेक फांदी मोजली."

मी चष्मा काढून धोतराला पुसला.

"पहिल्यांदा वाटलं, हे झाडच दुसरं असेल." ती माझ्याकडे बघत होती. "मग म्हटलं, दुसरं कसं असेल? डबा कधी हलला नाही. मी नव्हते तेव्हा तुम्ही होतात ना घरी."

सांगायची वेळ तीच होती. देवाशपथ सांगतो, तोंड उघडलं होतं मी. पण तिचा दुसरा हात डब्यात होता, त्या झुपक्यांवरून ती बोटं फिरवत होती, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावीत तशी. मी हे कसं बोलू, की यमुना, या डब्यातली उमाही आठ वर्षांपूर्वीच गेली?

"म्हणजे उमाचीच चूक झाली ना?" यमुनानं विचारलं.

मी म्हणालो, "हो. चुकलीच ती."

"बघा!" यमुना हसली. किती वर्षांनी हसली असेल. "आणि तुम्ही खाली उत्तम लिहून मोकळे! एवढे मोठे कडक मास्तर, लेकीच्या वेळी मात्र डोळेझाक केलीत की हो." मग आत जाऊन माझं लाल पेन घेऊन आली. "दुरुस्त करा. उद्या कोणी पाहिलं तर हसेल माझ्या पोरीला."

"राहू दे गं आता."

"राहू दे काय? दुसऱ्यांच्या पोरांचं दुरुस्त करता ना?"

मी पेन घेतलं. शेंड्यावरच्या तुऱ्यावर फुली मारली. ज्या तुऱ्यासाठी पोर तीन दिवस मान मोडून बसली होती, त्याच्यावर. लाल शाईनं पानांना देठ दिले आणि त्यांच्या बगलेत झुपके काढले. मी 'उत्तम'ही खोडायला निघालो, तर तिनं माझा हात धरला. "तेवढं असू द्या. मेहनत तर केली होती लेकरानं."

पुढची नऊ वर्षं तिनं पुदिना दरसाल फुलू दिला. फुलला की जर्नल शेजारी ठेवायची, आणि सगळं अगदी बरोबर जुळायचं. ती सुखात होती. असं मी स्वतःला सांगतो. पण उमाचं काय? तिला जन्मात एकदा शाबासकी दिली मी, तीही काढून घेतली, आणि ती भांडायलासुद्धा नव्हती.

यमुनाचे दिवस झाले, पाहुणे गेले. मग मी कपाटातून जर्नल काढली आणि त्या पानावर खाली लिहिलं, 'विद्यार्थिनीची आकृती बरोबर आहे. चूक तपासणाऱ्याची.' दहापैकी दहा मार्क मांडले, सही केली, तारीख घातली. पान वाळेपर्यंत उघडं ठेवून मी बसून राहिलो. दाखवायला दोघींपैकी कोणीच नव्हतं.