बटाट्याला कुठलं विष?

मांजरी गावात रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कशासाठी म्हणाल, तर मधासाठी! न्यूझीलंडात मनुका नावाचं झुडूप असतं, त्याच्या फुलांचा हा मध. मधुनाथ महाराज तो जखमेवर ओतत आणि जखम पांढरीशुभ्र फेसाळत असे. "बघा, विष उकळतंय!" महाराज गरजत आणि माणसं टाळ्या पिटत. दुसऱ्याची जखम उकळताना बघायला लोकांना भारी मौज वाटते.

आज पाटावर बजरंग होता. मधुमेहानं त्याच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. "अंगठा ताबडतोब काढा, नाहीतर पाय जाईल," असं डॉक्टरांनी बजावून अकरा दिवस झाले होते. त्याची आई मथुराबाई डॉक्टरांना शिव्या घालून लेकाला इकडे घेऊन आली होती.

बाई भोळी नव्हती हो. चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घातला होता तिनं. तोडीआधी नमुना तपासतात, साखरेचा आकडा बघतात, मगच तोड मिळते, हे तिला पक्कं ठाऊक. इथं तर बाटलीवर 'यूएमएफ २५+' असा मनुका मधाच्या दर्जाचा आकडा छापलेला, खांबाला प्रयोगशाळेचा शिक्का मारलेला अहवाल लटकवलेला! आकडा हाय म्हंजी तपासलेलं हाय, असा तिचा हिशेब. आणि तिथंच ती फसली.

"धरा त्याला," महाराज म्हणाले. दोन चेल्यांनी खांदे दाबले. पाय मथुराबाईनं स्वतः दाबून धरला. महाराजांनी काथ्यानं जखम खरवडली. रक्त पाटावरून खाली ठिबकलं आणि वर मध पडताच बजरंग गुरासारखा ओरडला. फेस आला. टाळ्या झाल्या.

"सोडा माझ्या बाबांना!"

गर्दी फाडत निशा आली. बजरंगची लेक कर्वेनगरला राहायची आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. घरच्यांनी हा प्रकार तिच्यापासून लपवला होता; शेजारणीकडून कळलं तशी ती धावत आली होती.

मथुराबाईनं उठून तिच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की पोरीचा ओठ फुटला. "बाप मरायला टेकलाय, आन् तू म्हाराजांवर वरडतीस?"

"मार आजी, अजून मार. पण आधी हे बघ." प्रसादाच्या भाजीसाठी चिरलेल्या बटाट्याची फोड निशानं उचलली आणि तिच्यावर मध ओतला. फोड फसफसून फेसाळली.

"महाराज, बटाट्याला कुठलं विष झालंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. एका चेल्यानं तिचा हात पिरगाळला. ती कळवळली, पण गप्प बसली नाही. "यात हायड्रोजन पेरॉक्साईड घातलंय! जखम धुवायचं स्वस्तातलं औषध. रक्तावर फेसतं, बटाट्यावरही फेसतं. खरा मनुका मध असा उकळत नाही. त्याची ताकद वेगळ्याच द्रव्याची, त्याला एमजीओ म्हणतात."

"तेही लिहिलंय लेबलावर!" महाराज ओरडले. "अहवाल आहे आमच्याकडे!"

"लिहिलंय ना. यूएमएफ पंचवीस, एमजीओ त्र्याऐंशी. अहो, पंचविसाला एमजीओ किमान बाराशे लागतो. त्र्याऐंशी म्हणजे यूएमएफ फक्त पाच! नक्कल तरी नीट करायची. आजी, खांबावरचा तो अहवाल तीन वर्षांपूर्वीचा आहे, एकाच बॅचचा. बाटल्यांवर भरल्याची तारीख गेल्या महिन्यातली. तरी इथल्या प्रत्येक बाटलीवर तोच बॅच नंबर कसा?"

मथुराबाईनं एक बाटली उचलली, मग दुसरी, मग तिसरी. नंबर तोच. तिचा चेहरा पडला.

"म्हंजी दुसऱ्याच्या फडातला नमुना दावून ह्यानं आपला ऊस घातला?"

"हो आजी."

चेल्यानं निशाला मारायला लोखंडी खुर्ची उगारली. ती खाली यायच्या आत मथुराबाईनं मांडवाचा बांबू उपसून त्याच्या मनगटावर हाणला. हाड कडकन वाजलं. मग काय! टाळ्या पिटणारे तेच हात महाराजांवर तुटून पडले. बाटल्या फुटल्या, महाराजांचं नाक फुटलं, माणसं काचांवरून तुडवत धावली.

"मारू नका!" निशा घसा फोडून ओरडत होती. "पोलिसांना बोलवा! बाटल्या फोडू नका, तो पुरावा आहे! आणि आधी माझ्या बाबांना उचला रे कुणीतरी!"

बजरंग पाटावर तसाच पडला होता. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अकरा दिवसांपूर्वी नुसता अंगठा गेला असता.

आठवड्यानं गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "मावशी, त्यो मध खोटा निघाला. पन खरा आसता तर?"

"खरा आसता तरी मेलेलं बोट जित्तं झालं नसतं," मथुराबाई म्हणाली. "आकडा बगून भुलू नगा बायांनो. कुनी तपासलं इचारा, कवा तपासलं इचारा, आन् ह्योच माल तपासला का, ते इचारा. दुखनं आलं तर डाक्टरकडं जावा."

तिनं निशाचा खपली धरलेला ओठ बोटानं चाचपला. तिला रडू आवरेना.

"आन् इचारनाऱ्या पोरीला मारू नगा. म्या मारलं. पाय बी म्याच धरला व्हता."