सुजितच्या घशाची सहल

माझा नवरा सुजित नकलाकार आहे. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो घरात नसतो आणि उरलेले महिने घरात दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. कुकरच्या शिट्टीपासून माझ्या सासूबाईंच्या खोकल्यापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात आहे. थंडी पडली की चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांना आपल्या कामगारांवर एकदम प्रेम येतं. फॅमिली डे ठरतात, कुरुळीपासून पुढं मांडव पडतात, आणि सुजित प्रेस मशीनचा आवाज काढून त्याच मशीनपुढं आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांना पोट धरून हसवतो. सुट्टीच्या दिवशीही ज्यांना मशीन ऐकायचं असतं, त्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला जरा उसंत मिळते. ती मित्रांच्या मालकीची. दरवर्षी सहल निघते आणि कुठंही गेलं तरी कार्यक्रम एकच: सुजितनं बोलायचं, बाकीच्यांनी हसायचं. शेखर ढाब्यावर बसल्या बसल्या मालकाला सांगतो की आमच्यात एक मोठा कलाकार आहे. मग एक आयटम होतो, मालक खूश होऊन एक सुरमई जास्तीची तळतो आणि ती शेखर खातो. शेखर चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज आहे. त्याची बायको दरवर्षी नेमकी त्याच आठवड्यात माहेरी जाते. बाई शहाणी आहे.

यंदा सुजितचा आवाज बसला तो उठेचना. पिंपरीतल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठ आल्याचं सांगितलं. दहा दिवस पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. त्यानं उतरली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा राहील याची हमी नाही. मी हादरले. आवाज गेला तर हा माणूस करणार काय? त्याला दुसरं काही येत नाही. साधा बल्ब बदलायचा तरी आधी तो बल्ब गेल्याचा आवाज काढून दाखवतो.

मित्रांना कळल्यावर त्यांनी फार मनाला लावून घेतलं. शेखर म्हणाला, घरी राहिला तर फोन येत राहणार आणि हा बोलत राहणार, त्याला कोकणात नेऊ, समुद्राची हवा घशाला चांगली. दुसरा मित्र मिहिर हिंजवडीत आयटीत आहे. त्यानं व्हॉट्सॲपवर ‘मौनव्रत’ नावाचा ग्रुप काढला आणि त्यावर पहिल्याच दिवशी एवढी बडबड झाली, की सुजितच्या घशाऐवजी माझं डोकं बसलं. मी नको म्हणत होते. पण सुजितनं हात जोडून माझ्याकडं असं पाहिलं, की मी बॅगा भरल्या.

दोन गाड्या निघाल्या. एक शेखरची, तिच्यात मी आणि सुजित; दुसरी मिहिर आणि त्याची बायको सुखदा यांची. गप्पांसाठी दोन्हीकडं फोन स्पीकरवर लावले होते, आणि पिरंगुट येईपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली. या लोकांना एकमेकांशी बोलायला काहीही नव्हतं. इतकी वर्षं मध्ये सुजित होता म्हणून कळलं नव्हतं. शेखरनं ओव्हरटाइमचं रडगाणं गायलं, मिहिरनं फ्लॅटच्या पार्किंगचं सांगितलं, सुखदानं गाणी लावली. सुजित खिडकीतून बाहेर बघत होता आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. न बोलणारा सुजित म्हणजे त्यांच्या लेखी बंद पडलेला टीव्ही.

ताम्हिणीच्या अलीकडं एका टपरीवर चहा झाला. तिथून निघताना मी सुखदाच्या गाडीत बसले, कारण शेखर गाडीत सिगारेट ओढतो. सुजित शेखरच्या गाडीत असणार असं आम्ही धरून चाललो. तो आमच्या गाडीत असणार असं शेखर धरून चालला. माणगावला पेट्रोलला थांबलो तेव्हा शेखरनं खिडकी खाली करून विचारलं, सुज्या झोपला का?

सुजित दोन्ही गाड्यांत नव्हता. त्याचा फोन शेखरच्या गाडीत चार्जिंगला लावलेला होता. सगळा घाट उलटा चढून गेलो. शेखर वाटेत दोनदा म्हणाला, राव, एक हाक मारायची ना यानं. ज्या माणसाचा आवाज माइक गेला तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, त्यानं हाक मारली असती तर दोन्ही गाड्या जागेवर थांबल्या असत्या, हे खरंच होतं.

सुजित टपरीवाल्या सोजरबाईंच्या शेजारी बसून कांदे सोलत होता. बाईंनी मलाच झापलं. “मुकं मानूस हाय, त्याला टाकून जाता व्हय? लई गुनाचं हाय हो. कवाधरनं बसलंय, तोंडातनं एक शबुद न्हाई.”

मी त्याच्या हातात फोन दिला आणि विचारलं, हाक का नाही मारलीस? त्यानं टाइप केलं, ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ मला तिथंच रडू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसानं कुणाचं एक ऐकलं नव्हतं, आणि आज रस्त्यावर एकटा राहिला तरी पथ्य मोडलं नाही. मी त्याचा हात धरून गाडीत बसले आणि मुक्कामी पोचेपर्यंत सोडला नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. हे मुद्दाम सांगते, कारण तो फार टिकला नाही.

मुक्काम श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात होता. तीस डिसेंबरला कोकणात खोली मिळणं म्हणजे नशीब, आणि शेखरला समुद्रासमोरच्या तीन मिळाल्या होत्या. कशा मिळाल्या ते संध्याकाळी कळलं. घराचे मालक जयवंतकाका अंगणात दिवे लावत होते, त्यांचे दोन पुतणे मंदिरातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडत होते, आणि आसपासची घरं नटूनथटून येऊन बसत होती. शेखरनं महिन्यापूर्वीच फोनवर कबूल केलं होतं, की खोल्या द्या, आमचा कलाकार तुमच्या अंगणात कार्यक्रम करेल.

“गाठ कळायच्या आधी ठरलं होतं वहिनी,” शेखर म्हणाला. “नंतर सांगायचं राहून गेलं. दहाच मिनिटं, हळू आवाजात.”

मी शेखरला जे बोलले ते शाळेतली शिक्षिका म्हणून मला इथं लिहिता येणार नाही. मिहिर मान खाली घालून उभा राहिला आणि सुखदानं मला पाणी दिलं. शेवटी शेखर वरमला. तो स्वतः जयवंतकाकांकडं गेला आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. काका भले माणूस, म्हणाले, अहो आजारी आहेत तर राहू दे, आम्ही भजन म्हणू. पेटीसुद्धा आली. प्रश्न मिटला होता. हेही मुद्दाम सांगते.

तेवढ्यात सुजित खोलीतून बाहेर आला. केस विंचरलेले, अंगात कार्यक्रमाचं जाकीट. सुट्टीला येताना ते बॅगेत कुणी घातलं होतं? मी तर नाही. त्यानं खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना हातानं पुढं बोलावलं, घसा खाकरला आणि सुरू झाला.

हळू वगैरे काही नाही. बोट सुटल्याचा भोंगा काढला, घाटात अडकलेली एसटी काढली, कोंबड्या, म्हशी, मशीन, सगळं काढलं. दहा मिनिटांनी शेखरनं हात वर करून खुणा केल्या. वीस मिनिटांनी त्याच शेखरनं ‘बास कर भावा’ म्हणून त्याचा दंड धरला. सुजितनं शेखरचीच नक्कल केली आणि अंगण हसून लोळायला लागलं. मी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं माझ्या डोक्यावरून मागच्यांकडं पाहिलं. शेवटी एका म्हातारीनं फर्माइश केली म्हणून कोकिळा काढायला गेला आणि मध्येच आवाज तुटला. लोकांना वाटलं कोकिळा अशीच थांबते. खूप टाळ्या पडल्या.

सकाळी घशातून नुसती हवा येत होती. आम्ही त्याच दिवशी परत फिरलो. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि बाहेर येऊन माझ्याकडं न बघता ऑपरेशनची तारीख दिली. जानेवारीतले सगळे फॅमिली डे मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करून रद्द केले.

तारखेच्या आदल्या दिवशी मी त्याच्यासमोर बसले. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. “काकांनी नको म्हटलं होतं, शेखरनं नको म्हटलं होतं,” मी विचारलं, “मग का केलंस?”

त्यानं फोन उचलला. मग टाइप करून स्क्रीन माझ्याकडं वळवली.

‘खुर्च्या मांडल्या होत्या.’

मी फोन त्याला परत दिला. म्हणजे टपरीवर माझी चूकच झाली. गाडीत जाऊन बसण्याऐवजी मी त्याच्यासमोर एक खुर्ची टाकून बसायला हवं होतं. मग त्यानं मला हाक मारली असती.